टाक्याचं पाणी आणि पाठीवरचा फिल्टर

ट्रेकहून आल्यावर दहाव्या दिवशी पोट बिघडलं, तर नाशिककर दोष देतो तो मिसळीला. जिआर्डिया नावाचा परजीवी मात्र पोटात गेल्यावर आठवडा-दोन आठवडे गप्प बसतो, आणि मगच रंग दाखवतो. अ प्रकारची कावीळ उमटायला तर साधारण महिना लागतो. तोवर कुलंग गडावरच्या टाक्याचं पाणी कोणाच्या लक्षातही नसतं. म्हणूनच ‘आम्ही इतकी वर्षं टाक्याचं पाणी पितोय, काही झालं नाही’ हे वाक्य मी आता मनावर घेत नाही. मीही ते बरीच वर्षं म्हणत होतो.

फिल्टर घ्यायचा म्हटलं की लोक आधी वजन, किंमत आणि स्टार बघतात. ज्या परीक्षणांवरून ते निवड करतात, ती बहुतेक परदेशातल्या थंड, वाहत्या, मैलोन्‌मैल वस्ती नसलेल्या झऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपलं पाणी वेगळं आहे. ते कातळात साठलेलं असतं, त्यावर माकडं येतात, गुरं येतात, आणि शनिवार-रविवारी हरिहरसारख्या गडावर शेकडो माणसं येतात. तेव्हा आधी पाणी बघायचं, मग फिल्टर.

पाणी कुठलं आणि कोणत्या महिन्यातलं

आपल्या भागात ट्रेकरच्या बाटलीत येणारं पाणी ढोबळमानाने चार ठिकाणचं: गडावरची खोदीव टाकी, साल्हेरच्या गंगासागरसारखे उघडे तलाव, पावसाळ्यातले ओढे, आणि पायथ्याच्या गावातली विहीर किंवा हातपंप.

टाक्यांमध्येही डावं-उजवं असतं. कातळाच्या पोटात खांब सोडून खोदलेलं खांबटाकं सावलीत असतं, त्यात शेवाळ कमी धरतं आणि पाणी उन्हाळ्यातही गार लागतं. उघड्या टाक्यात ऊन थेट पडतं, पालापाचोळा साचतो, पाणी हिरवट होतं. कुलंगवर टाक्यांची ओळच आहे, आणि सगळ्यांचं पाणी सारखं नाही. पायथ्याच्या आंबेवाडीत ज्या घरी आम्ही जेवतो, तिथले बाबा दर वेळी बजावतात, “पुढलं टाकं दिसलं म्हणून लगेच बाटली बुडवू नका, मागल्याचं बघा आधी.” कोणतं टाकं यंदा पिण्याचं, हे गावातल्या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नसतं. चढायच्या आधी दोन मिनिटं थांबून विचारा. फिल्टरचं निम्मं काम तिथेच होतं.

महिन्याचाही हिशेब हवा. जून-जुलैत पाणी भरपूर, पण गढूळ. ओढे तर चहाच्या रंगाचे. ऑक्टोबर ते डिसेंबर सुखाचा काळ, गाळ बसलेला आणि टाकी भरलेली. मार्चनंतर टाक्यांच्या तळाचं पाणी उरतं, त्यात सगळ्या वर्षाचा गाळ आणि शेवाळ. काही टाकी आटूनही जातात. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायांना हंडे घेऊन लांब चालावं लागतं. अशा वेळी पाड्यावर पाणी मागण्यापेक्षा घरून जास्त घेऊन निघणं बरं.

दोन पाणी मी कोणत्याही फिल्टरने पीत नाही. एक, ज्यात मेलेलं जनावर दिसलं. दुसरं, ज्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळसर साय आलेली असते. त्या सायीतले जीव विष सोडू शकतात, आणि ते विष पाण्यात विरघळलेलं असल्याने आपल्या गाळणीतून आरपार जातं. उकळूनही ते जात नाही. नुसत्या हिरव्या शेवाळाच्या तारा असतील तर ते वेगळं, ते पाणी बाजूला सारून घेता येतं.

त्या पाण्यात नेमकं काय असतं

इथे थोडा मायक्रॉनचा हिशेब करावा लागेल, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

सर्वांत मोठे ते पाण्यातले सूक्ष्म किडे. जुन्या माणसांना नारू हा जंताचा रोग आठवत असेल. सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यातून तो पोटात जायचा, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, हा प्रचार त्यासाठीच होता. सन २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात त्या फडक्याचा मोठा वाटा. आजीच्या हंड्यावरचं ते फडकं काही अंधश्रद्धा नव्हती. बांगलादेशात मतलब भागात जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचं (कॉलऱ्याचं) प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं, असा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साडी जुनी हवी, कारण धुऊन धुऊन सुताचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. चार घड्यांतून वीसेक मायक्रॉनपर्यंतचं काही अडतं. त्याखालचं अडत नाही.

त्याखाली येतात जिआर्डिया (साधारण ८ ते १२ मायक्रॉन) आणि त्याच्यासारखाच परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम (४ ते ६). मग जिवाणू, म्हणजे ई-कोलाय, टायफॉइडचा, पटकीचा. यांची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. बाजारातले पोकळ धाग्यांचे फिल्टर ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनचे असतात, म्हणजे इथपर्यंतचं सगळं अडकतं.

पण त्याखाली विषाणू आहेत. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आत-बाहेरचा, रोटा त्याच्या दुपटीहून थोडा मोठा. ०.१ च्या जाळीतून हे आरामात निघून जातात. लेप्टोस्पायरा हाही चकवणारा. तो जिवाणू असला तरी शरीराने इतका बारीक आणि पिळदार असतो की ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून निसटतो. (तो बहुतेकदा जखमेतून शिरतो, म्हणून पायाला खरचटलेलं असताना गुरांच्या डबक्यातून चालू नका.) विषाणू येतो माणसाच्या विष्ठेतून. परदेशातल्या निर्जन झऱ्यावर तो नसतो, म्हणून तिकडचे लोक ०.१ वर खूश असतात. गडाच्या माथ्यावर तंबू लावून शंभर जण झोपतात आणि सकाळी टाक्याच्या वरच्या अंगालाच आडोसा शोधतात, तिथे आपण खूश होऊन चालणार नाही.

शेवटचं, विरघळलेलं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून जाताना शेताकडेच्या चारीचं पाणी भरू नका. फवारणीचं औषध, खतांचा नायट्रेट हे साध्या गाळणीने जात नाही. कोळशाचा थर असेल तर काही औषधं आणि वास कमी होतो, नायट्रेट नाही. ‘मग छोटा आरओ मिळत नाही का?’ हा प्रश्न मला प्रत्येक ग्रुपमध्ये विचारला जातो. आरओला पंपाचा दाब लागतो आणि बरंचसं पाणी तो फेकून देतो. गडावर दोन्ही परवडणारं नाही, आणि टाक्याच्या पाण्याला त्याची गरजही नाही, ते पावसाचंच पाणी आहे.

कोणता प्रकार कोणाला

स्ट्रॉ फिल्टर, लाइफस्ट्रॉसारखा, स्वस्त आणि हलका. पण त्याने पाणी साठवता येत नाही. जिथे पाणी आहे तिथे पालथं पडून ओढायचं. आपल्या टाक्यांचे काठ निसरडे, पायऱ्या अर्ध्या तुटलेल्या, आणि पाणी हात-दोन हात खाली. शिवाय ज्या पाण्यावर गाव जगतं त्यात तोंड घालणं मला तरी बरं वाटत नाही. हा फिल्टर आणीबाणीसाठी सॅकच्या कप्प्यात ठीक.

पिळायचा फिल्टर हा माझा आवडता. पिशवीत किंवा बाटलीत कच्चं पाणी भरायचं, तोंडाला फिल्टर लावायचा, दाबायचं. सॉयर स्क्वीझचं वजन साधारण ८५ ग्रॅम आहे. नवा असताना लिटरला एखादं मिनिट पुरतं. त्याच्या आट्या २८ मिलिमीटरच्या तोंडाला बसतात, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बऱ्याच बाटल्यांना. हा मोठा फायदा आहे: पिशवी फाटली तर पायथ्याच्या टपरीवर पर्याय मिळतो. पाण्याच्या हलक्या बाटल्यांची तोंडं मात्र हल्ली आखूड आट्यांची असतात, सगळ्यांना बसेलच असं नाही. घरी असलेल्या दोन-तीन बाटल्यांवर आधी फिरवून बघा, पाणी भरून उलटी करा, गळतंय का पाहा. कॅटाडिन बीफ्री जास्त भराभर वाहतो आणि नुसता पाण्यात हलवून साफ होतो, पण त्याचं तोंड ४२ मिलिमीटरचं. सोबतची मऊ बाटली करवंदीच्या काट्याला लागली की दुसरी बाटली कुठून आणणार?

टांगायचा फिल्टर, म्हणजे वर घाण पाण्याची पिशवी, मध्ये नळी आणि फिल्टर, खाली चांगल्या पाण्याची पिशवी. सहा-आठ जणांचा ग्रुप आणि मुक्काम असेल तर दुसरा विचार करू नका. साल्हेरवर गुहेत मुक्काम असेल, तर संध्याकाळी पिशवी लटकवायची आणि खिचडीची तयारी करायची. वीस लिटर पिळत बसणं म्हणजे तळहातांना शिक्षा.

दाबून गाळणारी बाटली, ग्रेलसारखी, विषाणूही अडवते. एका दाबात पाऊण लिटरच्या आतलंच पाणी मिळतं, वजन अर्ध्या किलोच्या घरात, आणि आतलं गाळणीचं काडतूस साधारण २५० लिटरला बदलायचं. एकट्याने फिरणाऱ्याला, ज्याला क्लोरीनच्या थेंब-गोळ्यांची कटकट नको, त्याने खुशाल घ्यावी. गढूळ पाण्यात मात्र दाबताना छातीचं सगळं वजन टाकावं लागतं.

अतिनील किरणांच्या कांडीबद्दल लवकर आटोपतो: पाणी नितळ हवं, बॅटरी भरलेली हवी, आणि गाळ तसाच राहतो. आपल्याकडे निदान पावसाळ्यात तरी नको.

उकळणं हा सगळ्यांचा बाप. खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट, बस. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत कुठेही एक मिनिट पुरे. माथ्यावर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं, तरी विषाणूसुद्धा त्यात टिकत नाहीत. अडचण एवढीच की गॅस वाहून न्यावा लागतो आणि दुपारी दोन वाजता कोणाला गरम पाणी नको असतं. रात्रीच्या जेवणाचं, चहाचं पाणी तसंही उकळतंच. ते फिल्टरमधून काढून त्याचं आयुष्य खर्ची घालू नका, फडक्याने गाळलं तरी चालतं.

माझा संच, आणि तो वापरायची रीत

फिल्टर आणि क्लोरीन एकमेकांची उणीव भरून काढतात, ही गोष्ट कळली तेव्हा माझा खरेदीचा गोंधळ संपला. विषाणू आणि लेप्टोस्पायरा फिल्टरमधून निसटतात, पण क्लोरीनने मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, पण ०.१ च्या जाळीत हमखास अडकतो. म्हणून एक महागडा सर्वगुणसंपन्न फिल्टर शोधण्यापेक्षा मी तीन साध्या गोष्टी नेतो: जुना सुती पंचा, पिळायचा फिल्टर, आणि क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब. मेडिकलमध्ये मागितलं की मिळतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी काढायचं. टाक्यात बाटली, भांडं, हात काही बुडवायचं नाही. दोरीला बांधलेला स्वच्छ डबा सोडायचा, पृष्ठभागावरचा पाला एका हेलकाव्याने बाजूला सारायचा आणि वीतभर खालचं पाणी घ्यायचं. तळ ढवळायचा नाही. पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर मोठ्या पिशवीत अर्धा तास ठेवा, गाळ खाली बसतो. फारच गढूळ असेल तर तुरटीचा खडा काही सेकंद फिरवा आणि मग निवळू द्या. जास्त फिरवलात तर पाणी तुरट लागेल. पूर्वी निवळीच्या बिया भांड्याला आतून घासत, तेही याच कामासाठी.

मग पंच्याच्या चार घड्यांतून कच्च्या पाण्याच्या पिशवीत. हा टप्पा कंटाळून वगळणाऱ्यांचा फिल्टर दुसऱ्या दिवशी तुंबतो. त्यानंतर फिल्टरमधून चांगल्या बाटलीत. कच्च्या पाण्याच्या पिशवीवर मी लाल चिकटपट्टी लावतो; अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात, थकलेल्या माणसाच्या हातून अदलाबदल होतेच. फिल्टरच्या बाहेरच्या तोंडावर ओघळणारा कच्च्या पाण्याचा एक थेंब चांगल्या बाटलीत पडला तरी सगळी मेहनत वाया, म्हणून जोडणी आधी पुसून घ्या.

शेवटी क्लोरीन, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेने. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. काही एका लिटरसाठी, काही वीस लिटरसाठी. शेजारच्याने दिलेली सुटी गोळी अंदाजाने टाकू नका, आणि ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तर चिमटीने मुळीच नाही. मात्रा घातल्यावर अर्धा तास थांबायचं, डिसेंबरातल्या गार पाण्याला थोडं जास्त. अर्ध्या तासाने हलका वास यायला हवा. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे असं समजतो. आपल्याकडे नाक आहे. वास अजिबात नसेल, तर पाण्यातल्या घाणीनेच क्लोरीन खाल्लं. पुन्हा तेवढीच मात्रा आणि पुन्हा थांबणं.

लिंबू, सरबताची पावडर, ओआरएस हे सगळं त्या अर्ध्या तासानंतर. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं. आधी टाकलंत तर जंतूंवर काम करायला ते उरत नाही, नंतर टाकलंत तर वासही जातो. हा बदल केल्यापासून आमच्या ग्रुपमधली ‘औषधाचा वास येतो’ ही कुरकुर बंद झाली.

गर्दी नसलेल्या गडावर, दिवाळीनंतरच्या नितळ खांबटाक्यात, मी कधी कधी क्लोरीन टाळतो. ही माझी जोखीम आहे. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं सोबत असतील, तर टाळत नाही.

घरी करायच्या गोष्टी

फिल्टर हातात आला की ट्रेकच्या आधीच्या रविवारी घरी चालवा. बादलीत दोन मुठी माती कालवा, वर सांगितलेला सगळा क्रम करा, घड्याळ लावा. त्या पाण्याने झाडं भिजवा. कोणती जोडणी गळते, दोन लिटरला किती वेळ लागतो, पोरांना ते जमतं का, हे इथे कळलेलं बरं.

मी हे केलं नव्हतं. मार्चमधला कुलंग, सहा जण, तळाचं हिरवट पाणी. तिसऱ्या लिटरला धार बारीक झाली, चौथ्याला थेंब थेंब. उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायची सिरिंज होती, पण ती नाशिकला, ओट्यावर. सहा लिटर पाण्याला दीड तास गेला, आणि उतरताना आंबेवाडीची वाट अंधारात शोधावी लागली. त्या दिवसापासून सिरिंज फिल्टरच्याच पिशवीला नाडीने बांधलेली आहे. रोज संध्याकाळी, स्वच्छ गाळलेल्या पाण्याने, जोर लावून तीन-चार वेळा उलटं धुवायचं. कच्च्या पाण्याने उलटं धुतलंत तर घाण चांगल्या बाजूला जाईल.

जाळी फुटली आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण भिजलेल्या फिल्टरमध्ये घाण बाजूने तोंडाने फुंकून बघा. ओल्या बारीक छिद्रांतून तोंडाच्या जोराने हवा जाऊ शकत नाही. बाहेर बुडबुडे आले, तर आतले धागे तुटलेत, फिल्टर टाकून द्या. दगडावर पडल्यावर ही चाचणी करायचीच. हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: एकदा ओला झालेला फिल्टर गोठला तर आतलं बर्फ धागे फाडतं. केदारकंठाला गेलात तर रात्री तो झोपायच्या पिशवीत, अंगाजवळ. निफाडची थंडी कितीही गाजली तरी आपल्या डोंगरांवर सहसा ही भीती नाही.

परत आल्यावर उलटं धुवा, थोडं क्लोरीनचं पाणी आत सोडून अर्धा तास ठेवा, मग झटकून सावलीत चांगले चार-पाच दिवस वाळवा. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. त्यातला क्षार वाळून छिद्रांत बसतो आणि पुढच्या वेळी नवाकोरा फिल्टरही तुंबल्यासारखा वागतो. तसं झालंच असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, मग आरओच्या पाण्याने उलटं धुवा. घरातला आरओ ट्रेकच्या कामाला येतो तो एवढाच.